गल्लीतले फोटो: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

आपली गल्ली, आपला चौक, आपला बाजार यांचे फोटो काढताना येणाऱ्या अडचणी आम्ही विचारल्या होत्या. कोल्हापुरातून आलेले प्रश्न नेमके आणि रोखठोक होते, म्हणून हा पूर्ण भाग त्यांनाच दिला आहे. नावं छापलेली नाहीत, पेठा छापल्या आहेत.

आमची गल्ली अरुंद आहे. दहा-अकराला मोबाईलवर फोटो काढला की अर्धी भिंत पांढरीफेक आणि अर्धी काळीकुट्ट येते. गल्लीत उजेड बरा कधी असतो? (शुक्रवार पेठ)

घड्याळ नंतर बघा, आधी गल्ली कुठल्या दिशेला पडली आहे ते बघा.

पूर्व-पश्चिम गल्ली असेल तर हिवाळ्यात तुमची चैन आहे. डिसेंबरच्या शेवटी कोल्हापुरात भर दुपारी, म्हणजे साडेबाराच्या सुमारास, सूर्य जेमतेम ५० अंशांवर चढतो. सात मीटर उंच दुमजली घराची सावली तेव्हा सहा मीटरच्या आसपास पडते. चार-पाच मीटर रुंदीच्या गल्लीत दक्षिणेकडच्या घरांची ही सावली दिवसभर रस्ता झाकते. ऊन समोरच्या भिंतीच्या वरच्या भागावर आपटून खाली परततं. असा परतलेला उजेड चेहऱ्यावर सगळ्यात मऊ पडतो. डोळे बारीक होत नाहीत, नाकाखाली काळी मिशी उमटत नाही. भिंत चुन्याची किंवा पिवळट रंगाची असेल तर अजून उत्तम. मात्र हिरव्या ऑइलपेंटची असेल तर माणूसही हिरवट दिसतो, तिथून चार पावलं सरका.

उत्तर-दक्षिण गल्लीत ऊन रस्त्यावर उतरतं ते साधारण दहा ते सव्वातीनच्या मधे. त्याच्या आधी किंवा नंतर जा. मे महिन्यात मात्र दोन्ही गल्ल्या सारख्याच. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली गोळा होते, आणि दुपारी घरी झोपलेलं बरं.

ऊन-सावलीतच फोटो घ्यायचा असेल तर दोन्ही बाजू वाचवायचा हट्ट सोडा. मोबाईलच्या पडद्यावर उन्हातल्या भागावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड तिथं कुलूपबंद होतात. मग शेजारची सूर्याची खूण थोडी खाली ओढा. सावली काळी होऊ द्या. आता त्या उन्हाच्या पट्ट्यात कोणीतरी पाऊल टाकेपर्यंत थांबा: दुधाची किटली घेतलेला पोरगा, पाण्याची कळशी, सायकल, काहीही. एचडीआर शक्य असेल तर बंद ठेवा. मोबाईल दोन-चार फोटो जोडून एक बनवतो, आणि चालणाऱ्या माणसाला कधी कधी दोन कोपर फुटतात.

आणि हो, कॅमेऱ्याची काच पुसा. खिशातल्या तेलकट काचेनं दिव्याभोवती धुरकट वलय येतं, आणि लोक मोबाईलला नावं ठेवतात.

फोटो काढायला गेलं की लोक ताठ उभे राहतात, नाहीतर तोंड फिरवतात. लांबून झूम करून काढावेत काय? (राजारामपुरी)

नको. लांबून काढलेला फोटो लांबूनच काढल्यासारखा दिसतो, आणि ज्याचा काढला त्याला कळलं तर तुम्ही चोर ठरता. मोबाईलवर झूम म्हणजे बहुतेक वेळा नुसती कापाकापी, मग भाजीची पानं रंगाच्या डागांसारखी दिसतात.

कपिलतीर्थ मार्केटमध्ये किंवा लक्ष्मीपुरीत रविवारच्या बाजाराला जाताय असं धरा. आधी दहा रुपयांची कोथिंबीर घ्या. पैसे देताना विचारा, “मावशी, एक फोटू काढू काय?” बहुतेक मावश्या पदर सारखा करून सरळ बसतील. तो फोटो काढा, वाया गेला असं समजू नका, आणि लगेच त्यांना दाखवा. खरा फोटो यानंतर मिळतो. तिथंच बाजूला उकिडवे बसा. पाच-दहा मिनिटांत गिऱ्हाईक येतं, मावशी तुम्हाला विसरतात, मेथीची जुडी सुतळीनं आवळतात, वजनावरून हुज्जत घालतात. कॅमेरा तुमच्या हातात आधीपासून दिसत असतो, त्यामुळं कोणी दचकत नाही.

अंतर दीड ते अडीच मीटर ठेवा. मोबाईलचा मुख्य कॅमेरा साधारण मोठ्या (फुल-फ्रेम) कॅमेऱ्यावरच्या २४ ते २६ मिमी रुंद लेन्सच्या तोडीचा असतो. या अंतरावरून त्यात माणूस, पुढची पाटी आणि मागची रांग तिन्ही मावतात. याहून जवळ गेलात तर चेहरा मधे ठेवा, कारण कडेला गेलेलं तोंड ताणलं जातं. ०.५ वाल्या अतिरुंद लेन्सनं माणसांचे फोटो नकोतच. कोपऱ्यातल्या माणसाचं डोकं भोपळ्यासारखं होतं.

उकिडवं बसायला सांगतोय ते उगाच नाही. उभ्यानं काढलेल्या फोटोत बसलेली बाई खाली आणि तुम्ही वर, असं नातं उमटतं. शिवाय मागे नुसती फरशी येते. डोळ्यांच्या पातळीवर आलात की मागचा बाजार आत येतो. एकच बघायचं: डोक्यातून विजेचा खांब किंवा ताडपत्रीचा बांबू उगवला नाही ना. उगवला असेल तर अर्धं पाऊल डावीकडं.

चप्पल लाईनमध्येही हाच शिरस्ता. तिथं चेहऱ्यापेक्षा हातांकडं बघा. रापीनं चामडं कापताना अंगठा कुठं टेकतो, आरीनं भोक पाडून वादी ओढताना मनगट कसं वळतं, हे दीड फुटावरून घ्या. फक्त हत्यार चालू असताना कोपराच्या टप्प्यात जाऊ नका.

कबूल केलेला प्रिंट नेऊन द्या. चार बाय सहाचा. व्हॉट्सॲपवर पाठवला तर तो नातवाच्या मोबाईलमध्ये जातो, मावशींच्या हातात नाही. पुढच्या रविवारी त्या स्वतः शेजारणीला सांगतात, हा पोरगा फोटू आणून देतो म्हणून. मग अख्खी रांग तुमची.

चौकात फोटो काढताना एकानं अडवलं, “परवानगी आहे काय?” म्हणाला. खरंच लागते काय? (मंगळवार पेठ)

सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून स्वतःसाठी फोटो काढायला सर्वसाधारण बंदी नाही. पण त्याला मर्यादा आहेत आणि त्या पाठ हव्यात. स्त्रीचा खासगी क्षण चोरून टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. तिनं नको म्हटल्यावरही मागे मागे फिरणं कलम ७८ खाली येतं. रंकाळ्यावर किंवा पंचगंगा घाटावर आंघोळ करणारे, कपडे बदलणारे लोक फोटोत नकोत. तिथं कायदा आठवावा लागू नये. लष्कराच्या आवाराजवळ कॅमेरा बॅगेत ठेवा. दुकान, तालमीचा आखाडा, वाड्याचं अंगण या खासगी जागा, तिथं मालकाचा किंवा वस्तादांचा शब्द अखेरचा. अंबाबाईच्या देवळात आत कॅमेरा नको, बाहेरची गर्दी, फुलवाल्या, ओटीचं सामान पुरेसं आहे. लहान मुलांचा फोटो आई-बापाला विचारून घ्या, आणि टाकायचा असेल तर शाळेचं नाव, गणवेशावरचा बिल्ला दिसू देऊ नका. फोटो जाहिरातीत किंवा विकायला वापरणार असाल तर त्या माणसाची लेखी संमती घ्या.

अडवणाऱ्याशी कलमं बोलू नका. फोटो दाखवा, त्याला नको असेल तर त्याच्यासमोर काढून टाका, आणि ‘अलीकडे हटवलेले’ या खान्यातूनही काढा. एक फोटो गेला तर जातो. चौक उद्याही तुमचाच असतो.

माझ्याकडं १८-५५ लेन्सचा कॅमेरा आहे. समोरून कोणी आलं की लेन्स गुरगुरत राहते आणि फोकस लागेपर्यंत माणूस निघून जातो. (शाहूपुरी)

फोकस कॅमेऱ्यावर सोडू नका. लेन्स १८ मिमीवर, अपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) एफ ८. दोन मीटरवरच्या कशावर तरी फोकस घ्या (पार्क केलेल्या मोटारसायकलची लांबी साधारण दोन मीटर असते, तिच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकावर घ्या), आणि लेन्सवरची कळ ‘एमएफ’वर सरकवा. छोट्या सेन्सरच्या या कॅमेऱ्यावर आता सुमारे एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. फोकसची गरजच संपली, बटण दाबलं की फोटो.

अडचण दोन ठिकाणी येते. चुकून झूमची कडी फिरली की हे गणित मोडतं, ३५ मिमीवर ते लागू नाही. म्हणून १८ वर कडीला कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा. दुसरं, एफ ८ ला उजेड लागतो. शटर (उजेड आत येऊ देण्याचा वेळ, सेकंदाच्या हिश्शात) ‘एस’ किंवा ‘टीव्ही’ मोडवर लावू नका, तिथं कॅमेरा अपर्चर स्वतः बदलतो. ‘ए’ किंवा ‘एव्ही’ मोड ठेवा, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, आणि किमान शटर १/२५० ला बांधा. चालणाऱ्या माणसाचा पाय १/१२५ ला अनेकदा हलतो, १/२५० ला सहसा थांबतो. सावलीच्या बोळात आयएसओ १६०० ला गेला तरी घाबरू नका. फोटोत दाणे दिसले तर कोणाला त्रास नाही, हललेला चेहरा मात्र दुरुस्त होत नाही. अंधार पडला की हा प्रकार बंद करून पुन्हा ऑटोफोकसवर या.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर संध्याकाळी फोटो काढले. म्हैस करडी दिसते आणि ग्लासातला फेस नुसता पांढरा डाग. (उत्तरेश्वर पेठ)

कॅमेऱ्याला माहीत नसतं की म्हैस काळी असते. समोर मोठा काळा भाग दिसला की त्याला वाटतं उजेड कमी आहे, म्हणून तो सगळंच उजळवतो. म्हैस राखाडी होते, आणि आधीच पांढरं असलेलं दूध जळून जातं. एक्स्पोजर (फोटोचा एकूण उजेड) उणे १ वर न्या. मोबाईलवर फेसावर बोट दाबून धरा आणि सूर्याची खूण खाली ओढा. म्हशीच्या पाठीवर फक्त कडेची चमक उरली तरी चालते, ती तशीच दिसायला हवी.

धारेसाठी शटर ठरवा. १/५०० ला धार तुटक, थेंबाथेंबाची दिसते, १/६० ला सलग पांढरी दोरी दिसते. आम्हाला १/१२५ आवडतो. धार सलग राहते आणि गवळ्याची बोटंही पुसली जात नाहीत. दिव्याखाली त्यासाठी आयएसओ ३२०० लागेल. जागा गवळ्याच्या खांद्यामागून, एका बाजूला. म्हशीच्या मागं उभं राहायचं नाही हे पेठेतल्या माणसाला सांगायला नको. फ्लॅश तर अजिबात नको. म्हैस बुजते, पान्हा चोरते, आणि मग गवळीमामा जे बोलतील ते ऐकून घ्यावं लागतं.

म्हशींचाच विषय निघालाय तर: दिवाळीच्या पाडव्याला मोटारसायकलमागं पळणाऱ्या सजवलेल्या म्हशींसाठी उलटं करा. शटर १/३० वर आणा, कोपर बरगडीला चिकटवा, म्हैस लांब असतानाच कॅमेरा तिच्या डोळ्यावर धरा आणि कमरेतून वळत जा. समोर आली की सलग आठ-दहा फोटो, आणि बटण सोडल्यावरही वळणं चालू ठेवा. बहुतेक जण बटण दाबताच थांबतात, तिथंच फोटो फसतो. दहातला एक बरा आला तरी भरपूर. दोरीच्या आत जाऊ नका.

गणपतीच्या मिरवणुकीत एलईडीच्या उजेडात फोटोवर आडवे काळे पट्टे आले. कॅमेरा बिघडला काय? (शनिवार पेठ)

कॅमेरा ठीक आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही. पण १/५०० चा शटर फ्रेम वरून खाली टप्प्याटप्प्यानं टिपतो, त्यातला एक टप्पा दिवा मंद असताना पडतो आणि काळा पट्टा उमटतो. १/१०० किंवा १/५० ठेवा, पट्टे जातील किंवा फिके होतील. ‘सायलेंट’ म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा, त्यानं हे अजून वाढतं. मोबाईलमध्ये अँटी-फ्लिकर असेल तर ५० हर्ट्झ निवडा. एलईडी पडदे आणि रंग बदलणाऱ्या माळा स्वतःच्या वेगळ्याच वेगानं लुकलुकतात. तिथं १/३० पर्यंत उतरून बघा, नाहीतर त्या फ्रेमच्या बाहेर ठेवा.

जांभळ्या-निळ्या प्रकाशझोतात चेहरा सपाट रंगाचा ठोकळा होतो, कारण एकच रंग तुडुंब भरतो. उणे १ एक्स्पोजर आणि रॉ फाइल (कॅमेऱ्यानं न दाबलेली मूळ फाइल) हा थोडा उपाय. खरा उपाय म्हणजे झोत फिरून पांढरा होईपर्यंत थांबणं. आणि महाद्वार रोडवर पापाची तिकटीपर्यंत जो तो मूर्तीकडं कॅमेरा रोखून असतो. तुम्ही पाठ फिरवून बघणाऱ्यांकडं वळा. गॅलरीत आजीच्या मांडीवरचं पोर, दुकानाच्या पायरीवर पेंगलेला ढोलवाला.

जुलैत कॅमेरा बाहेर काढायचा की नाही? (कसबा बावडा)

काढायचा. कोल्हापूर पावसात जेवढं कोल्हापूर दिसतं तेवढं इतर वेळी दिसत नाही. जाड पारदर्शक पिशवीला लेन्सच्या मापाचं भोक पाडा, लेन्सच्या हुडवर ओढून रबरबँड लावा, आणि मागून हात आत घाला. काचेवर थेंब पडला की मऊ कापडानं टिपून घ्या, घासू नका. पावसात लेन्स बदलायची नाही. घरी आल्यावर बॅग बंद ठेवून तशीच टाकू नका, कॅमेरा पुसून पंख्याखाली तासभर उघडा ठेवा. मग झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलसोबत. डब्यात आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली पाहिजे, साधा हायग्रोमीटर त्यासाठी पुरतो. चामड्याच्या केसमध्ये किंवा कपाटाच्या तळाशी दोन पावसाळे राहिलेल्या लेन्समध्ये बुरशीची जाळी धरते आणि ती काचेवरचा थर खाते. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरणं हा सल्ला विसरा, भुकटी फटीत जाते.

पाऊस फोटोत दिसत नाही ही नेहमीची तक्रार. पाऊस दिसायला उजेड पावसाच्या मागून आणि त्यामागं काळोखी जागा हवी. संध्याकाळी दिवा लागलेल्या टपरीच्या अलीकडे उभे राहा, १/१२५ ला धारा रेघांसारख्या येतात. डबक्यातलं प्रतिबिंब घ्यायचं तर मोबाईल उलटा धरा, म्हणजे लेन्स पाण्यापासून दोन बोटांवर येते आणि आख्खा वाडा पाण्यात उतरतो.

पुराचे फोटो वेगळे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ३९ ला पोचली की घाट विसरा. २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं ते ठाऊक असेल तर आज कोरड्या रस्त्यावर त्याच जागी उभं राहून फोटो काढून ठेवा. विजेचा डबा, दुकानाची पायरी, अशी न हलणारी खूण फ्रेममध्ये हवी. पुढच्या वेळी तीच जागा सुरक्षित उंचीवरून टिपता आली तर दोन्ही शेजारी लावता येतात.

कुठला कॅमेरा घेऊ? (तिघांनी विचारलंय)

आहे तो. बाबुराव पेंटरांनी याच गावात १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. तुमच्या खिशातल्याला निदान घडवावं तरी लागत नाही. अगदी घ्यायचाच असेल तर जुना छोटा कॅमेरा आणि २३ ते ३५ मिमीच्या तोडीची एक लेन्स. मोठी पांढरी लेन्स बाजारात नेली की लोक विचारतात, कुठल्या चॅनेलचे?

कृष्णधवल केले की फोटो भारी वाटतात. सगळेच करू काय? (रविवार पेठ)

ज्या फोटोत रंग काही बोलत नाही तोच करा. मिरचीचा ढीग, हिरवी साडी आणि भगवी पताका काळ्या-पांढऱ्यात नेलात तर उरतं काय?

तालमीच्या हॉलमध्ये गल्लीच्या फोटोंचं प्रदर्शन लावायचं आहे. प्रिंट केवढे, किती आणि कसे? (शिवाजी पेठ)

तीस पुरे. शंभर लावलेत तर लोक स्वतःचा शोधून घरी जातील.

आधी फाइल बघा. व्हॉट्सॲपवरून आलेला साधा फोटो लांब बाजूनं साधारण १६०० पिक्सेलचा असतो, तो पाच इंचांपुढं धरत नाही. फोटो देणाऱ्यांना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. मोबाईलची १२ मेगापिक्सेलची फाइल ४००० बाय ३००० ची. तिचा १२ बाय १६ इंची प्रिंट इंचाला २५० पिक्सेलनं निघतो, भिंतीवर अगदी छान. १२ बाय १८ मागितलात तर आकाराचं प्रमाण बदलतं आणि वरून-खालून मिळून नववा हिस्सा कापला जातो. लॅबवाला विचारत नाही, पाय कापून मोकळा होतो. स्वतः कापून द्या.

प्रिंट काळपट येतात कारण तुम्ही मोबाईल पूर्ण उजेडावर ठेवून निवडता. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणा आणि मग बघा. एकदम तीस छापू नका. एका सर्वांत गडद आणि एका सर्वांत उजळ फोटोचा चार बाय सहा नमुना काढून, तालमीतल्याच ट्यूबखाली धरून पाहा. कागद मॅट घ्या, चकचकीतवर ट्यूब उमटते. पाच मिमी सनबोर्डवर चिकटवले की वाकत नाहीत. फोटोचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर, सगळे एका दोरीत.

फोटोखाली “जीवनाचे रंग” वगैरे लिहू नका. तारीख, गल्ली, काय चाललंय ते लिहा: ‘आषाढ, त्र्यंबोलीला पाणी नेताना, कोपऱ्यावरचा पी-ढबाक’ (म्हणजे इथलं पारंपरिक वाद्य). ही माहिती फोटो काढला त्याच रात्री वहीत उतरवा. व्हॉट्सॲपच्या साध्या फोटोतून तारखेची नोंद गळते, आणि दोन वर्षांनी कोणता आषाढ ते आठवत नाही. मूळ फाइली दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, त्यातली एक घराबाहेर.

प्रदर्शन उतरवल्यावर ज्याचा फोटो त्याला प्रिंट देऊन टाका. मागे पेन्सिलीनं तारीख लिहा, बॉलपेन नको. दाब पुढून उठतो.